वाढवलेला आवाज

कुंभकोणमच्या ज्या खासगी इस्पितळात मी कॉम्प्युटरांचं नेटवर्क सांभाळतो, तिथे पॉलिसी म्हटलं की लोकांना विमा आठवतो. माझी पॉलिसी वेगळी. ती सर्व्हरवर लावली की प्रत्येकाचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून उठून सर्व्हरवर जातं. मग माणूस कुठेही बसो, आपल्या नावाने लॉगिन केलं की तेच एक फोल्डर समोर उघडतं. हे मी सगळ्यांना तमिळमध्ये समजावलं आणि रेकॉर्ड विभागातल्या अक्कांना पुन्हा वेगळं, आमच्या घरच्या मराठीत. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही.

अक्का तिरुविडैमरुदूरहून बसने यायच्या. ती तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात, इस्पितळात बोलणारे आम्ही दोघंच. इतरांसमोर तमिळ, जिन्यात भेटलो की मराठी. त्यांचे यजमान निवृत्त होऊन घरी होते आणि त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते दिवसभर फोनमध्ये बोलून अक्कांना आवाजाचेच निरोप पाठवत. येताना विड्याची पानं आण. रसम उतू गेलं, मी काही केलं नाही. मग एके सकाळी ते गेले, अगदी अचानक. मूलबाळ नव्हतं. घरात ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही.

अक्कांचा फोन जुना झाला होता. अक्कांनी ते सगळे निरोप कुणाकडून तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतले आणि फोन दुकानात देऊन नवा घेतला. जेवणाच्या सुट्टीत त्या कानात इयरफोन घालून बसायच्या. डबा समोर तसाच उघडा असायचा. आम्ही कुणी त्यांच्याशी त्या वेळी बोलत नव्हतो.

पुढे त्यांची बदली वरच्या मजल्यावर झाली. नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, तर सगळे निरोप तिथेही हजर. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"हे माझ्या मागोमाग वर आले बघ," त्या म्हणाल्या.

"न येऊन सांगतात कुणाला? पॉलिसी आहे," मी म्हणालो. त्या हसल्या. यजमान गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्यानंतर लगेचच एका दुपारी जिन्यात भेटल्या. हातात जुन्या टेबलाची किल्ली होती. म्हणाल्या, "खालचं वाढवून आले. तेथ नवी पोरगी बसणार. ह्यांचं बोलणं परक्याच्या कानी कां पडावं?"

आमच्या घरांत दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नवऱ्याचा आवाज पुसला, हे त्यांच्या तोंडून निघणारच नव्हतं. मला मात्र तो शब्द ऐकताच कळलं, काय पुसलं गेलं ते.

"अक्का, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली तरी ठेवलीत ना?"

"ती पण रिकामी केली. अर्धं काम कां ठेवावं?"

वर येऊन त्यांनी आपलं फोल्डर उघडलं. काही नव्हतं. त्या बराच वेळ माउस फिरवत राहिल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी खालचं वाढवलं रे. वरचं कोठे गेलं?"

खालचं आणि वरचं एकच होतं, हे मला त्यांना पुन्हा एकदा सांगावं लागलं. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही.

सर्व्हरचा बॅकअप रोज होतो. पण त्यातून आवाजाच्या फाइली वगळायचा हुकूम होता. जागा वाया जाते. इस्पितळाला गाण्यांचं काय काम, असं व्यवस्थापक म्हणाले होते. त्या माणसाचा मला अजून राग येतो. गेलेलं परत आणणारी सगळी सॉफ्टवेअरं मी चालवली. फाइलींची नावं हाती लागली, आत काहीच नव्हतं. अक्का शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. प्रत्येक नाव आलं की पुढे झुकायच्या.

काही आठवड्यांनी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"मी रागावणार नाही. खरं सांग. तुज सगळ्यांचं उघडता येतं म्हणतात. ह्यांचं बोलणं कधी चोरून तरी ऐकलंस ना? 'अगे' म्हणायच्या आधी ते खाकरत, की मागून? मज आठवेना झालंय."

फोल्डरं सर्व्हरवर वळवताना पडद्यावर एक चौकोन असतो. त्यात खूण केली की ज्याचं फोल्डर त्यालाच उघडतं, मलाही नाही. मी ती सगळ्यांसाठी केली होती. त्याशिवाय दुसरी वाटही मी कधी शोधली नाही. लोकांचं खासगी आपण बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाही, अक्का."

"एकदाही?"

"एकदाही नाही."



"इतका चांगला कां वागलास रे?" त्या म्हणाल्या.