दाजींची ट्रायल

माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याइतका जुन्या गाड्यांवर अविश्वास ठेवणारा माणूस कुर्ल्यापासून दहिसरपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि तरीही आमच्या नात्यागोत्यात त्यांना विचारल्याशिवाय एकही जुनी गाडी आलेली नाही. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांना ती चालवता येते का, यावर घरात दोन तट आहेत. ताई म्हणते, येत नाही. दाजी म्हणतात, प्रसंग आला नाही. माहुलच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टी विभागात त्यांनी उभी हयात काढली. समोर जे धडधाकट दिसतंय ते कधी आणि कुठून फुटेल याचा विचार करत हिंडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर विचार करायला कारखाना उरला नाही, तेव्हा त्यांनी लोकांच्या गाड्या धरल्या. अजूनही लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघतात, आणि मग शेजारच्याचीही हलवतात, तो बसलेला असला तरी.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो आईमुळे. आई आमच्याकडे घाटकोपरला, आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, बोरिवलीला एकटीच. मावशीचं हृदय दमलं होतं. ती अंथरुणाला लागली होती, जवळ दिवसरात्रीची बाई ठेवली होती. डॉक्टरांनी तारीख दिली नव्हती, पण आवाज खाली आणून बोलायला लागले होते. दोघी बहिणी सकाळ-संध्याकाळ फोनवर बोलायच्या, पण दीड वर्षात भेट नव्हती. आईच्या गुडघ्यांमुळे स्टेशनचे जिने बंद झालेले, आणि टॅक्सी तिने स्वतःच बंद केलेली. तिला गाडी लागते. एकदा भाड्याच्या टॅक्सीत तिला उलटी झाली आणि ड्रायव्हर भर सिग्नलला तिच्यावर खेकसला. आईने त्याची माफी मागितली, घरी येऊन आंघोळ केली आणि जाहीर केलं, "परक्याच्या गाडीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आपली गाडी घे, मग येते बोरिवलीला." आई बोलली म्हणजे संपलं. नवी गाडी झेपत नव्हती. जुनी बघू म्हटलं, आणि कुठल्या दुर्बुद्धीने कोण जाणे, दाजींना फोन केला.

दाजींचा पहिला नियम असा, की विकणाऱ्याने नऊची वेळ दिली तर आठला दारात उभं राहायचं. कारण इंजिन गार असताना सुरू कसं होतं हे बघायचं असतं, आणि विकणारा ते आधीच तापवून ठेवतो. मुलुंडचे एक गृहस्थ आम्हाला पार्किंगमध्ये टॉवेलवरच सापडले, इंजिन सुरू करून दात घासत होते. दाजींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ताप आहे हिला." तिथूनच परत फिरलो. मी म्हटलं, "अहो दाजी, गाडी तर बघा." ते म्हणाले, "माणूस बघितला ना. गाडी त्याच्याकडेच राहिलेली आहे."

हा त्यांचा दुसरा नियम: आधी माणूस, मग गाडी. विकणाऱ्याच्या घरी चहा घ्यायचाच, आणि चहा होईपर्यंत हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावायचं. पवईच्या एका प्राध्यापकांची गाडी मला फार आवडली होती. निळीशार, झकास. पण त्यांच्या सिंकचा नळ ठिबकत होता आणि खाली पातेलं लावलेलं होतं. "अरे, जो माणूस दहा रुपयांचा वायसर बदलत नाही, तो ऑइल वेळेवर बदलत असेल?" झालं, निळीशार गाडी गेली. त्यानंतर महिनाभर मी माझ्या घरचे नळ तपासत होतो.

गाडी बघायची वेळ आलीच तर मग काय विचारता. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक निघतं, जुन्या स्पीकरमधलं. ते पत्र्यावरून इंच इंच सरकवायचं. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबीची पुट्टी भरलेली, म्हणजे तिथे ठोकलेली. मग पायाखालचं मॅटिंग उचलून नाक खुपसायचं, पाण्यात बुडून वाळवलेल्या गाडीचा वास म्हणे कधीच जात नाही. मग जमिनीवर पेपर अंथरून गाडीखाली जायचं. मुलुंडलाच दुसऱ्या एका सोसायटीत त्यांचे नुसते पाय बाहेर दिसत होते आणि बराच वेळ हलले नाहीत, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. दाजींनी आतूनच पाणी मागून घेतलं आणि प्यायलेही.

आणि कागद. आरसी बुकावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर ते बॅटरीच्या उजेडात एकेक अंक मोठ्याने वाचून ताडून बघतात. बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला, विमा, पीयूसी, मोबाइलवर चलनं, आणि शेवटी विकणाऱ्याचं ओळखपत्र. कांजूरला तर विकणारा एक, आरसीवर नाव त्याच्या मेहुण्याचं, आणि मेहुण्याला गाडी विकली जातेय याचा पत्ताच नाही. दाजींनी तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावला. पुढे त्या घरात काय झालं ते आम्ही जिन्यातून ऐकलं. सही होऊन नाव बदलेपर्यंत ते कुठल्याही गाडीला "बरी आहे" असंसुद्धा म्हणत नाहीत, आणि एकदा नापास म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी फिरत नाहीत.

हे सगळं ऐकायला मजेचं आहे. मला तेव्हा मजा येत नव्हती. गणपती गेले, दिवाळी गेली, दाजींनी अकरा गाड्या नापास केल्या, आणि तिकडे मावशीचा फोनवरचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला. एकदा मी चिडून म्हटलंही, "दाजी, मला गाडीत संसार नाही करायचा, आईला बोरिवलीला न्यायचंय. तोवर मावशी राहायला तर हवी." त्यांनी चुंबक रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं, आणि येऊ दे असंही वाटलं.

बारावी गाडी मरोळला होती. त्या दिवशी सकाळीच मावशीच्या बाईचा फोन आला होता, दोन दिवस पेजसुद्धा पोटात ठरत नाही म्हणून. रिक्षात मी दाजींना ते सांगितलं. गाडीचे मालक म्हणजे गोड बोलण्याचा कारखानाच. गळ्यात चेन, हातात वेलचीची डबी. "मिसेसची गाडी आहे साहेब. घर ते ऑफिस. एकदा कुठे घासलेलीसुद्धा नाही, आईशप्पथ." दाजींनी चुंबक फिरवलं, वास घेतला, कागद वाचले, पेपर अंथरून खाली गेले. एरवी ते खालून एखादं वाक्य घेऊनच वर येतात. त्या दिवशी गुडघे झटकत उठले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मालकांना म्हणाले, "ट्रायल घेऊ."

"घ्या ना साहेब. कॉर्नरपर्यंत एक चक्कर मारून या."

"कॉर्नरपर्यंत ढकलूनसुद्धा जाते. आम्ही भरल्या गाडीने ट्रायल घेतो, ज्यांना रोज बसायचंय ती माणसं बसवून. घाटकोपरला याच्या आईला घेऊ आणि बोरिवलीपर्यंत जाऊन बघू. तुम्हीही चला."

मालकांच्या तोंडातली वेलची तशीच राहिली. पण समोर गिऱ्हाईक पक्कं दिसत होतं, त्यामुळे ते निमूट मागे बसले.

घाटकोपरला दाजी स्वतः वर गेले. मी मागोमाग पोचलो तर ते आईला सांगत होते, "काकू, गाडी घेतली असं समजा. चला, बहिणीला भेटून येऊ." हे वाक्य त्या तोंडातून येणं शक्य नव्हतं. आईने मात्र पुढचं ऐकलंच नाही. तिने ठेवणीतली साडी काढली, बेसनाच्या वड्यांचा डबा घेतला, पर्समध्ये आलेपाक टाकला आणि खाली येऊन परक्या माणसाच्या गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. मग चाकापुढे नारळ फोडला. मालकांचा चेहरा असा काही खुलला, की त्यांनी प्रसाद म्हणून खोबरंही खाल्लं.

आई पुढे माझ्या शेजारी बसली. साकीनाक्याला तिने मान वळवून मागे पाहिलं. "तुम्ही गाडी विकलीत ना? मग आमच्याबरोबर कुठे?"

मालक गडबडले. दाजी म्हणाले, "माया आहे काकू. सुटत नाही लगेच."

"बरोबर आहे," आई म्हणाली आणि तिने त्यांना आलेपाकाची वडी दिली. हायवेवर दाजी एकदाही गाडीबद्दल बोलले नाहीत. फक्त मी जरा वेग वाढवला की मागून खांद्यावर बोट लागायचं. "हळू. घाई नाही." बोरिवली येईपर्यंत आईला काही झालं नाही. ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती आणि वाटेतले बदल मला असे दाखवत होती, जणू मीच दीड वर्षं घरात बसून होतो.

मावशी ओळखू येत नव्हती. आईने चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच जाऊन पलंगावर बसली. मावशी म्हणाली, "इतका वेळ लावलास गं?" आई म्हणाली, "गाडी कुठे मिळत होती." आईने तिची वेणी सोडली आणि बोटांनी गुंता काढत बसली. मला तिथे उभं राहवेना. जिन्यात येऊन रडलो, आणि कुणी बघेल याची लाजही वाटली नाही.

डोळे पुसून खाली आलो तर गाडी नव्हती. दाजी एकटेच कट्ट्यावर बसले होते.

"मालक कुठे गेले?"

"गेले घरी. टाकी भरून दिली त्यांची. नापास आहे गाडी. डावी बाजू पुढून अख्खी बदललीय, चेसिसला वेल्डिंग आहे. जबर ठोकलेली होती."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मरोळला. खाली गेलो तेव्हाच."

माझं डोकंच फिरलं. "आणि तरी आईला बसवलंत तिच्यात?"

"म्हणून तर हळू चालवायला लावली ना तुला. आणि मीही बसलोच होतो की." मग त्यांनी तळहातावरची धूळ झटकली. "अरे, खरं सांगितलं असतं तर आपण परत फिरलो असतो. तू म्हणाला होतास ते माझ्या डोक्यातून जाईना. आयुष्यात पहिल्यांदा नापास वस्तूला पास म्हटलं मी. काकूंना सांगू नकोस. पैशांवरून फिस्कटलं म्हण."

ट्रायलला म्हणून गेलेली आई तिथेच राहिली. नेसत्या साडीनिशी गेली होती, बाकीचे कपडे मी नंतर पोचवले. एकोणीस दिवसांनी मावशी गेली, तेव्हा तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं. पुढे दोन महिन्यांनी आम्ही दाजींनी पास केलेली गाडी घेतली. चांगली चालते, कधी कुरकुर नाही.

आईला ती आवडत नाही. पाहुण्यांसमोर ती मला अजून बोलते, की इतकी गुणी गाडी, मला बहिणीकडे घेऊन गेली ती, पण याने पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करून हातची घालवली. असं बोलणं निघालं तेव्हा एकदोनदा दाजी समोरच सोफ्यावर बसलेले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मान हलवत म्हणाले, "मी तर सांगत होतो त्याला काकू, घे म्हणून. ऐकतो कुठे." मी मान खाली घालून म्हणतो, हो, चुकलंच माझं.