नेणिवेतली पंगत

चार डोकी दर रविवारी एका खोलीत वाद घालू लागली, की किस्से आपोआप साठतात. आमच्या वणीच्या अभ्यासमंडळात साठ-एकसष्ट साली त्यांचा ढीग झाला. कारण यवतमाळचे एक प्रोफेसर येऊन आमच्यात मनोविश्लेषण सोडून गेले! "समाज बदलायचा तर आधी माणसाच्या नेणिवेत काय दडलंय ते बघा; जीभ घसरली, विसर पडला, स्वप्न पडलं, की ते बाहेर येतं," म्हणाले आणि संध्याकाळच्या बसने परतले. तेव्हापासून आमचा एकमेकांवरचा विश्वास उडाला.

*

अध्यक्ष देशमुख गुरुजी कट्टर समतावादी. पुढच्याच भाषणात "कष्टकऱ्यांचा विजय असो" म्हणायचं, तर तोंडून निघालं, "कष्टकऱ्यांचा विषय असो!"

खोलीखालच्या सायकल दुकानाचे रहीमभाई लगेच म्हणाले, "असली बात आता निघाली, गुरुजी. तुमच्यासाठी तो विषयच हाये!"

*

मीटिंगचा चहा रहीमभाईंकडून यायचा. एकदा आलाच नाही. मी म्हणालो, "हा विसर नाही, मनातला विरोध आहे."

"विरोध कायचा? दूध फाटलं ना भाऊ!"

मी खाली जाऊन पातेलं बघून आलो. दूध फाटलेलंच होतं. तरी माझा संशय काही गेला नाही.

*

मग 'दमन' या शब्दावर दोन रविवार गेले. गुरुजी म्हणत, दमन सरकार करतं. मी म्हणे, दमन मन करतं.

सोनोने मास्तर गुरुजींचेच जुने विद्यार्थी, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. ते शेवटी म्हणाले, "आमच्यावर दोन्ही झाले. मोर्चा कोणावर नेऊ, तेवढं सांगा."

त्या दिवशी मीटिंग लवकर संपली.

*

पुढे गुरुजींनी कार्यवाह म्हणून सोनोने मास्तरांचंच नाव सुचवलं. मास्तरांना काम करायचं होतं, पण शोभेला बसायचं नव्हतं. तसं असेल तर मंडळच सोडतो, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

"हो म्हणतो गुरुजी," ते म्हणाले, "पण आधी तुमचं एखादं सपन सांगा."

गुरुजी खूश झाले. "अरे, परवाच पडलं! माह्या घरी मोठी पंगत. जातपात काही नाही, सारे एका ओळीत. रहीमभाई, तू, मी! मले तं रडूच आलं."

खरं सांगतो, आम्हालाही गहिवरून आलं.

मास्तरांनी विचारलं, "मी कुठी बसलो होतो?"

"तू नं? तू सगळ्यात शेवटी, गोठ्यापाशी. तिथी हवा काय मस्त लागते!"