उरलेल्या दुधाचा चहा
डांबरगोळ्यांचा वास आला की रोह्यातली आमची भाड्याची खोली आठवते. नाताळच्या सुट्टीत घरी निघायचं म्हणून आम्ही दोघी कॉलेजच्या मैत्रिणी सकाळपासून आवरत होतो. गाद्या गुंडाळून त्यांत डांबरगोळ्या टाकल्या, उंदीर शिरू नयेत म्हणून मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला, फरशी दोनदा पुसली. मैत्रीण डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची, म्हणून घरमालकीणबाई जूनपासून आमच्या खोलीत कधी पाऊल टाकत नव्हत्या. त्या किल्ली घ्यायला आल्या, तेव्हा मैत्रीण उरलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून चहा करत होती. मालकीणबाई बाहेरूनच बघत राहिल्या. "एवढी लख्ख कोनी पुसली गो?" "मी," मैत्रीण खाली बघत म्हणाली आणि तिनं दोनच कप भरले. मालकीणबाई सरळ आत येऊन फरशीवर बसल्या. "आनि माझा कप कुठं हाय?" मैत्रिणीनं आपला कप पुढे केला. त्या तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुट्टीवरनं आलीस की आलं घालून कर." एसटीत मैत्रीण नागोठण्यापर्यंत एकटीच हसत होती. त्या नको म्हणतील या भीतीनं मीही सहा महिन्यांत त्यांना एकदाही चहाला बोलावलं नव्हतं, हे मात्र मला आत्ता आत्ता कळतंय.