शांत बसा, काकू

'शांत बसा' हे शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं फिरतं. बदलापूरला आमच्या बिल्डिंगची लिफ्ट लाइट गेल्यावर मधेच अडकली, आत मी एकटी, तेव्हा बाहेरून सेक्रेटरीने हेच ऐकवलं होतं. मी अंधारात दारावर हात आपटतेय, श्वास पुरत नाही, आणि हा माणूस म्हणतो, "काकू, शांत बसा ना, सगळी बिल्डिंग गोळा कराल."

त्यानंतर लिफ्टचं नुसतं दार दिसलं तरी मी उलट्या पावली घरात शिरायचे. गुडघे कामातून गेलेले, घर सहाव्या मजल्यावर. जिना उतरवत नाही, लिफ्टमध्ये पाय ठेववत नाही. घरातच कैद झाले. नवरा म्हणायचा, "लाइट काय, जातच असते. त्यात कोणाची चूक? आणि घरात काय कमी आहे तुला?" एवढं विचारून स्वतः मात्र भाजीच्या निमित्ताने खाली गप्पा छाटायला जायचा.

शेवटी भाचीने अंबरनाथ पूर्वेची एक थेरपिस्ट मुलगी गाठून दिली. मला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तीच घरी यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, आपल्याला शांत व्हायला शिकायचंय." मी तिला जवळजवळ हाकलूनच देणार होते. तिने समजावलं, शांत होणं वेगळं आणि शांत बसणं वेगळं. अंग सैल सोडलेलं असलं की त्याच अंगात भीती टिकत नाही, दोन्ही एका वेळी जमतच नाही. म्हणून आधी मुठी आवळून सोडायच्या, खांदे सोडायचे आणि तशा सैल अंगाने लिफ्टकडे थोडं थोडं सरकायचं. आवडीचं खाणंही उपयोगी पडतं म्हणाली. मग येताना ती मुद्दाम उल्हासनगरहून सिंध्यांचं दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक पुरी, आणायची आणि मी लिफ्टसमोर खुर्ची टाकून कुरुमकुरुम खायचे. शेजारच्या बायका खुदुखुदु हसायच्या. हसू देत मेल्यांना! उघड्या लिफ्टमध्ये उभं राहण्यापर्यंत माझी मजल गेली. पण दार सरकायला लागलं की मी बाहेर.

एका सकाळी मी तशीच आत उभी होते, थेरपिस्ट मुलगी बाहेर. तेवढ्यात सेक्रेटरी आत शिरला.

"काय काकू, टेन्शन नाय ना? या वेळी अडकलो तर शांत बसा हां. मागच्या टायमाला लय तमाशा केला तुम्ही."

"तमाशा? बिल्डिंगला जनरेटर असताना मला अंधारात कोंडलंत, आणि तमाशा मी केला?"

मग मी जी सुटले! दार कधी लागलं, लिफ्ट कधी निघाली, पत्ताच नाही.

तळमजल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "माझ्यावर कशाला भडकता? डिझेल वाचवायला लिफ्टला जनरेटर द्यायचा नाही, हे मीटिंगमध्ये ठरलं. काकांनीच पहिला हात वर केला होता."

काका म्हणजे माझा नवरा.

मुलगी धापा टाकत जिन्याने खाली आली. "काकू, आलात की! रागापुढेही भीती टिकत नाही, बघितलंत? कसं वाटतंय?"

मी दोघांनाही बाहेरच ठेवून एकटी लिफ्टमध्ये शिरले आणि सहाचं बटण दाबलं. दार लागलं. वर जाताना नवऱ्याला काय काय विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. घराची बेल दाबली आणि बोट उचललंच नाही.