गौरजाची आडवाट

जामसंड्यात गौरजा संगणकाचे वर्ग घेते. तिचा भाऊ विश्राम आखातात एका बांधकामावर सुतार होता. कामगारांच्या छावणीतल्या इंटरनेटवरून लिहिलेले निरोप सुटायचे, कॉल मात्र लागायचा नाही. त्या देशाचा नियमच तसा होता. साधा फोन महाग, तो सणासुदीला. आई सुभद्राला वाचता येत नव्हतं. गौरजा निरोप वाचून दाखवायची आणि आई म्हणायची, "माका तेचो आवाज होयो गो. अक्षरां घेवन काय करू?"

गौरजाने शोधाशोध केली. दोन्ही फोन आपापल्या नेटवर्कच्या कुंपणाआड. बाहेर पडता येतं, पण एकमेकांपर्यंत थेट पोचता येत नाही. तेव्हा तिने तिसऱ्याच देशातला एक सर्व्हर भाड्याने घेतला. दोघांनी त्याच्याकडे जायचं आणि त्याने इकडचा आवाज तिकडे पोचवायचा, तोही साध्या वेबसाइटच्या वाटेने, म्हणजे छावणीत संशय यायला नको. बरेच दिवस नुसती खरखर आली. मग एका दुपारी विश्राम स्वच्छ बोलला, "आये, मी बोलतंय." सुभद्राने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

खोलीतल्या इतरांनाही ही वाट देऊ का, असं पुढे विश्रामने विचारलं. आरोंद्याच्या बाबलीला बायकोशी बोलायचं होतं. माणसं वाढली की धोका वाढणार, हे गौरजाला कळत होतं. तरी ती हो म्हणाली.

पावसाळा सरता सरता छावणीत सगळ्यांचे फोन तपासले. हे कुणी आणलं, असं विचारल्यावर विश्रामने स्वतःचंच नाव सांगितलं. त्याला कोठडीत टाकलं. गौरजाने सर्व्हर बंद केला, कणकवलीच्या वकिलाला गाठलं, दूतावासाला विनंत्या केल्या. उत्तरं येत राहिली, भाऊ येईना. सुभद्राने अंथरूण धरलं. एकदा लेकीला जवळ बसवून म्हणाली, "आवाज मीच मागलंय. तुझो दोष नाय." गौरजाला ते ऐकवेना.

विश्राम परतला तेव्हा आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. तो अंगणात बसून राहतो, कुणी काही विचारलं तर मान हलवतो.

मध्यंतरी बाबलीची बायको शेवंती आली. बाबली अजून तिकडेच होता. ती वाट पुन्हा सुरू कर, म्हणाली. गौरजाने भावाकडे पाहिलं. तो उठून घरात गेला.

"जमाचा नाय, वयनी."

शेवंती एसटी पकडायला निघून गेली.