नखं मी माझ्या हातानं काढली

"हात पुढं कर," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि मी केला. भर सकाळी, त्यांच्या वावरात, साऱ्या बायांसमोर. मला वाटलं दही देतात.

सीतादहीचा दिवस होता. आमच्या राळेगावकडं कापसाची वेचणी अशीच सुरू होते. वावराच्या बांधाशी, धुऱ्याजवळ दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पऱ्हाटीच्या झाडांवर दही शिंपडायचं. मग मालकाच्या घरच्या सवाष्णीनं पहिला कापूस वेचायचा. त्यानंतर आम्ही. आमच्या हातांशिवाय त्यांचा कापूस झाडावरच सडेल, पण पहिला हात आमचा नसतो. आम्ही बौद्धपुऱ्यातल्या बाया त्या दगडांपासून लांब उभ्या राहणार. दही वरून, न शिवता, आमच्या तळहातावर पडणार.

त्या दिवशी बाईंच्या हातात दही नव्हतं. त्या माझी नखं बघत होत्या.

लाल नखं. ॲक्रिलिकची, खऱ्या नखांवर चढवलेली. यवतमाळला बीए करता करता मी एका पार्लरमध्ये नखांचं काम शिकत होते. गिऱ्हाइकाच्या नखांना हात लावण्याआधी स्वतःच्या हातावर करून बघायचं असतं. डाव्या हाताची मी केली होती, उजव्याची माझ्यासोबत शिकणाऱ्या मैत्रिणीनं. दिवाळीला गावी येताना काढायचं सामान बॅगेत घेऊनच आले होते. सीतादहीला नुसता मान असतो, खरी वेचणी दुसऱ्या दिवशी, तेव्हा संध्याकाळी निवांत काढू असं ठरवलं होतं. लांब नखांनी कापूस वेचता येत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी आईची बोटं नखांच्या कडेला फाटलेली बघतच मी मोठी झाले.

थाळी घेऊन बाईंची सून उभी होती. पुण्याहून सणाला आलेली. तिची नखं माझ्याहून लांब, गुलाबी, वर चमकी लावलेली. त्याच नखांनी तिनं पहिला कापूस वेचून थाळीत ठेवला होता, आणि बाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, माझ्या सुनेचे हात म्हणजे लक्ष्मीचे हात.

माझा हात बघून म्हणाल्या, "तुमच्या जातीच्या हातावर शोभते काय हे? उद्या म्हनशीन, दही मीच शिंपतो."

मग माझ्या आईला म्हणाल्या, "धर इचा हात."

आई बायांची टोळी घेऊन जायची. कोणाच्या वावरात जायचं, किती बाया न्यायच्या, सगळं तिच्याकडं. बाईंचं वावर गेलं की हंगाम गेला, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. बाईंनी कमरेच्या चंचीतून सुपारीचा अडकित्ता काढला, त्याचं टोक नखाखाली घातलं आणि वर उचकटलं.

ॲक्रिलिक खऱ्या नखाला धरून बसतं. ओढलं की खऱ्या नखाचे पदर सोबत घेऊन निघतं. पार्लरमधला पहिला धडाच तो, काहीही झालं तरी उपटायचं नाही. बाई एकेक बोट घेत होत्या. मी ओरडले. मग ओरडणं थांबवलं, कारण बाईंना ते आवडतंय हे दिसलं. अंगठ्याचं नख निम्म्यापर्यंत सोलून निघालं आणि रक्त थाळीतल्या कापसावर पडलं.

"लक्ष्मी बाटवली इनं," बाई म्हणाल्या.

माझं बोट फाटलं आणि बाटला कापूस. तो थाळीतून धुऱ्यापलीकडं फेकला. गोमूत्र आणायला माणूस पळाला. सुनेनं तोवर आपली बोटं पदराआड घेतली होती. एवढं तिला कळलं. तोंड उघडण्याइतकं कळलं नाही.

डावा हात राहिला होता. बाई आईला म्हणाल्या, बाकीची घरी उपटून आण. उद्या पोरीला घेऊन ये, या दगडांपुढं नाक घासायला लाव. नाही तर तुमच्या पुऱ्यातली एकही बाई माझ्या वावरात नको.

मी धुऱ्यापलीकडं गेले आणि फेकलेला कापूस ओढणीत गोळा केला. कोणी अडवलं नाही. फेकलेलं उचलायला आम्हाला कधीच मनाई नसते.

घरी आल्यावर आईनं पक्कड काढली. एका झटक्यात निघतील म्हणाली. रागानं नाही, भीतीनं. मी ती पक्कड तिच्या हातातून घेऊन अंगणात भिरकावली.

"आता माह्या हाताले पक्कड लावाची नाही. अन् चूल पेटवू नोको. हे नखं काढाचं औषध पेट घेते."

दार उघडं, खिडकी उघडी. उजवा हात धुऊन स्वच्छ फडक्यात गुंडाळला, उघड्या जखमेला ते औषध, ॲसिटोन, लागता कामा नये म्हणून. त्या हातानं काही धरता येईना. तेव्हा मी सांगत गेले आणि आई करत गेली. वाढीव टोकं कापली. वरचा लाल थर कानशीनं हळूहळू घासला, खऱ्या नखाला न लावता. कडेच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं. फेकलेल्या कापसातला रक्ताचा पुंजका मी बाजूला ठेवला, बाकीच्यातली सरकी आईनं काढली. तो कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा आणि वरून फॉइल गुंडाळायची.

पहिल्याच बोटाला आईचा चेहरा आक्रसला. ॲसिटोन तिच्या फाटलेल्या बोटांत शिरलं होतं. मी राहू दे म्हटलं. ती थांबली नाही.

मग वाट बघायची. याला दुसरा उपाय नाही. मऊ झालेलं लाकडी काडीनं अलगद सारायचं. जे सुटत नाही ते खरवडायचं नाही, पुन्हा भिजवायचं. उरलेला लाल थर ओल्या साबणासारखा सुटून आला आणि खाली माझं नख निघालं. पांढुरकं, पण अख्खं. आईनं त्यावर खोबरेल चोळलं आणि तो हात बराच वेळ हातात ठेवला.

"असे बी निघतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात मीच धरला तुहा."

मला तिची कीव आली नाही. राग आला, आणि मी तो लपवला नाही.

"हो, तूच धरला. अन् उद्या ठाण्यात तुले हेच सांगा लागन."

चूल थंड होती. आईनं तिच्याकडं बघितलं. मग "सांगतो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाक घासायला आम्ही गेलो नाही. राळेगावला गेलो. आधी सरकारी दवाखान्यात, मग ठाण्यात. तिथला साहेब हसला. नखासाठी ॲट्रॉसिटी काय, नखं तर वाढतात म्हणाला. मी फडकं सोडून हात टेबलावर ठेवला. रक्ताचा पुंजका त्याच्या शेजारी ठेवला. त्यानं साक्षीदार विचारले. टोळीतल्या बायांना बोलावलं, तर त्यांनी आम्ही दगडांकडं बघत होतो म्हणून सांगितलं. त्यांच्यावर मी रागावले, अजूनही आहे. आई मात्र पुढं झाली.

"मी पायलं. पोरीचा हात मीच धरून होतो. बाईनं धराले लावला."

गुन्हा नोंदला गेला. ते वावर सुटलं. टोळी मोडली. आई आता ऑटोत बसून दुसऱ्या गावी वेचायला जाते. काही बाया आमच्या दारावरून मान वळवून जातात. मग पाटलांचा माणूस आला. बाईंचं वय झालंय, साडीचोळी करतील, मिटवून टाका म्हणाला. लाज उतरवायची आणि वरून लुगडं नेसवायचं. मी त्याला बसही म्हटलं नाही.

"बाईले सांग, साडी त्याहिनंच नेसावी. कोर्टात याचं हाये."

उजव्या अंगठ्याचं नख वाकडं आलं. ते तसंच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. राहू दे. मला विसरायचं नाहीच. मी त्याच्यावर पुन्हा ॲक्रिलिक चढवलंय. लाल. पाचही बोटांना.

लवकरच माझी साक्ष आहे. वकील विचारेल, कोणी केलं? बाई समोर बसलेल्या असतील, सून शेजारी असेल. मी उजवा हात वर करून बोट दाखवणार. बाईंची मान खाली जाईपर्यंत ते बोट मी खाली घेणार नाही.