रिकामा मीटर

यवतमाळच्या एका स्पेअर पार्टवाल्याने मला फसवले आणि दोष मारेगावच्या चाचावर ढकलला. दुकानदाराचे नाव मी लिहीत नाही. त्याला ते ठाऊक आहे.

चाचा म्हणजे आमच्याकडचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. बसस्टँडजवळ पत्र्याची टपरी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागले की तो हाताचा पंजा पुढे करायचा आणि म्हणायचा, "भाऊ, पहले चाबी लाव. मंग बोंबल." तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचा माणसापेक्षा गाडीच्या बोलण्यावर जास्त विश्वास असतो. एकदा एक मास्तर स्कूटरचा हॉर्न का वाजत नाही यावर अर्धा तास बोलले. चाचा हात जोडून म्हणाला, "सर, पिरियड संपला. आता तिले बोलू द्या."

माझ्याकडे जुनी पिकअप होती. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलून मी ती घेतली होती, त्यामुळे तिला कोणी नावे ठेवली की माझे डोके फिरायचे. कापसाची ती वाईट वर्षे होती. व्यापारी पडेल भाव सांगत, म्हणून सगळे सरकारी खरेदी केंद्राकडे धावत आणि केंद्राबाहेर गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. हललीच तर चार हात. प्रत्येक वेळी इंजिन बंद, पुन्हा चालू. ज्याची गाडी सुरू झाली नाही त्याला वळसा घालून मागचे पुढे निघत.

अशा वेळी माझ्या गाडीचा मीटर, म्हणजे स्टेअरिंगसमोरची काट्यांची पाटी, मेला. डिझेल संपले हे गाडी थांबल्यावर कळू लागले. मी यवतमाळला गेलो आणि दुसरा मीटर घेतला. घासाघीस अशी केली की शेवटी दुकानदारानेच मला चहा पाजला. हसत हसत मीटर बसवूनही दिला. तो हसला तेव्हाच मला कळायला हवे होते.

आठ दिवसांत बॅटरी बसली. मोठ्या रस्त्यावर गाडी नीट पळायची, रांगेत लागली की मुकी व्हायची. मी पुन्हा यवतमाळ गाठले. त्याने नवी बॅटरी विकली. तीही बसली. चाचाने हॉर्न दुरुस्त केला होता, हे मी बोलून गेलो. मग तो मान हलवत म्हणाला, "मागच्या महिन्यात वायरिंगला त्या चाचानं हात लावला होता ना? त्यानंच खिचडी केली. अल्टरनेटर खाल्ला तुमचा." अल्टरनेटर म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारे यंत्र. मी तेही बदलले. पुन्हा तेच.

बाजाराचा दिवस होता. मी गाडी ढकलत टपरीसमोर आणली आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडलो, "चाचा, तुमी माही गाडी मारली! हॉर्न दुरुस्त कराले सांगतला तं वायरिंगले काहून हात लावला?"

दोघे जण आपापल्या मोटरसायकली घेऊन तिथूनच परत फिरले. चाचाने ते पाहिले. चष्मा पुसला, दुसरी बॅटरी जोडली आणि म्हणाला, "चाबी लाव. इंजिन चालू करू नको."

मी चाबी फिरवली. तो खिडकीतून वाकून मीटरकडे पाहत राहिला.

"ऑइलचा दिवा लागला. बॅटरीचा लाल दिवा कुठं हाय?"

"तो काय कामाचा? नुसता भेव दाखवतो."

चाचाने इंजिन चालू करायला लावले. बॅटरीवर व्होल्ट मोजायचे यंत्र लावून दाखवले, त्याचा काटा जागचा हलत नव्हता, म्हणजे बॅटरी भरतच नव्हती. मग दोन तारांना जोडलेला एक बल्ब घेतला. एक तार बॅटरीला लावली, दुसरी अल्टरनेटरच्या बारक्या टोकाला टेकवली. काटा सर्रकन वर चढला.

"हापशीत पहले तांब्याभर पानी टाका लागते, मंग ते बादलीभर देते. हिचंबी तसंच हाय. त्या लाल दिव्यातून थोडाक करंट आला का हे जागी होते. रोडवर जोरात पळाली तं आपोआप उठते. लाइनमंधी हळू चालली का झोपूनच राह्यते."

मीटर खोलला. लाल दिव्याची जागा रिकामी. बोटाच्या पेराएवढा बल्ब त्यात नव्हताच.

"भाव किती पाडला होता रे?"

"अर्धा."

चाचा खोकला येईपर्यंत हसला. "मंग त्यानंबी अर्धाच मीटर देल्ला!"

हसा तुम्हीही. पण भाव पाडणे हा माझा धंदा आहे. माल काढून घेऊन गप्प बसणे ही लबाडी.

चाचाने बल्ब बसवला. मी तिथेच, ज्या आवाजात आधी ओरडलो होतो त्याच आवाजात ओरडलो, "आयका रे! चाचाच्या कामात खोट नव्हती. येडा मी होतो!" लोक हसले. परत फिरलेल्यांपैकी एक जण पुन्हा आला, दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याबरोबर रांगेत आला. त्याच दुकानाचे मीटर घेतलेल्या आणखी दोन गाड्या तिथे अडून होत्या. त्याने बल्ब बसवून त्याही चालत्या केल्या. आमच्या तिन्ही गाड्यांचा कापूस वजनकाट्यावर चढला.

पण चाचा वायरिंग बिघडवतो, ही दुकानदाराने सांगितलेली गोष्ट मुकुटबनपर्यंत पोहोचली होती. तिकडचे ड्रायव्हर टपरी टाळू लागले. चाचा एकदाच म्हणाला, "रोटी तं भेटते, भाऊ. पन चाळीस साल म्या कोनाच्या गाडीशी लबाडी नाई केली." मी यवतमाळला भांडायला निघालो तर त्याने माझी कॉलर धरली. "तू गेला तं मारामारी करशीन. मीच जाऊन इचारतो त्याले."

ते राहून गेले. हळूहळू गिऱ्हाईक परतले, पण चाचाचे डोळे गेले. लेक त्याला आदिलाबादला घेऊन गेली. टपरीच्या जागी आता उसाचा रस मिळतो.

मागच्या दिवाळीला मी तिकडे त्याला भेटायला गेलो होतो. चाचा ओट्यावर बसलेला. मी गाडी थांबवली, अजून उतरलोही नव्हतो, तर तो म्हणाला, "पट्टा ढिला हाय तुह्या गाडीचा. ये, बैस." बॉनेट उघडून पाहिले. ढिला होता.

तर दुकानदारा, तुझे दुकान आता दुमजली झाले आहे, हे मी पाहिले. बल्ब का काढलास ते मला सांगू नको, तो हिशेब मी सोडला. चाचाचे नाव का घेतलेस, ते त्याला सांग. त्याला दिसत नाही, पण ऐकू चांगले येते. आदिलाबाद लांब नाही. गाडी माझी, डिझेल माझे. फक्त येऊन बैस, आणि त्याच्या ओट्यावर उतरून तुझ्या तोंडाने बोल.